वाळवंटातलं नांगराचं तास

दिगू, तू गेल्यापासून माझ्या सकाळच्या चहाची वेळ चुकायला लागली आहे. घड्याळ आहे माझ्याकडं, निवृत्त मास्तराकडं दुसरं असतं तरी काय, पण आपला चहा घड्याळावर कधी झालाच नाही. आपल्या दोघांच्या रानांमधल्या बांधाला जी फट आहे, तिथून आधी किटलीचं झाकण वाजायचं, मग तुझा खोकला यायचा, मग तू. बावीस वर्षं हाच क्रम. तेराव्याचे पाहुणे पांगले, मांडव उतरला, आणि काल सकाळी मी सवयीनं बाजेवर त्या फटीकडं तोंड करून बसलो.

आल्या त्या सुमनवहिनी. किटली नव्हती, हातात तुझी लाल वही होती. वैशाली वर्षश्राद्धाला ती छापून गावात वाटणार म्हणते, असं त्यांनी सांगितलं. बाप गेल्यावर पुण्यातल्या लेकी फोटो मोठा करून घेतात. तुझी लेक तू लिहिलेला इतिहास छापते आहे, तुझ्यावरच गेली आहे. मग वहिनी वही माझ्या मांडीवर ठेवून म्हणाल्या, "शेवटच्या पानावर एक जागा कोरी हाय, गुरुजी. ती जागा मास्तरची हाय, दुसऱ्या कुणी हात लावू नये, असं म्हणलते हे." एवढं बोलून त्या शेळ्यांकडं गेल्या.

मी वही लगेच उघडली नाही. त्या पानावर काय असणार याचा मला अंदाज होता. तुझ्याशी मी पोटभर भांडलो, पोटभर हसलो, पण एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. आता सांगतो. तू मधे बोलणार नाहीस ही तेवढी सोय आहे, तुझ्या हयातीत ती कधी मिळाली नाही.

तुझ्या आज्यापासूनच सुरुवात करायला पाहिजे. खंडुआजा पहिल्या जागतिक लढाईत खेचरांच्या तुकडीत भरती होऊन बगदादला गेलेला. लढाई संपल्यावरही दोन-तीन वर्षं तिकडंच राहिला. परत आला तो एक पत्र्याची पेटी आणि एक गोष्ट घेऊन. साहेबानं त्याला वाळवंटात नांगर धरायला लावला. बी नाही, पाऊस नाही, औत पुढं आणि माळ पुढं. दिवसच्या दिवस एकच तास, नांगराची एकच चरी, ओढायचं, सरळ. कशाला, तर वरून जाणाऱ्या विमानाला वाट दिसावी म्हणून. गावानं तेव्हा विमान पाहिलेलं नव्हतं. ज्या गावात बी टाकल्यावर उगवेल की नाही याची खात्री नसते, तिथं बी न टाकता नांगरणारा माणूस म्हणजे आयतं खाद्यच. तुमचं आडनाव बाजूला पडलं आणि तुम्ही वाळूनांगरे झालात. रिकामा उद्योग करणाऱ्याला आपल्याकडं अजून म्हणतात, वाळू नांगरतोस का. तुझ्या वडिलांसमोर भर पंगतीत कुणी तसं म्हटलं की ते ताटावरून उठायचे नाहीत, फक्त खाणं थांबवायचे. आणि शाळेत तुला त्या नावानं सगळ्यात जास्त कुणी चिडवलं, हे तुला चांगलं आठवत असणार. तू कधी काढलं नाहीस, म्हणून मीच काढतो.

पुढं मी मास्तर होऊन गावाच्याच शाळेत आलो. कपाटाच्या तळाशी एक कसर लागलेलं इंग्रजी पुस्तक सापडलं, जुन्या विमानप्रवासाचं. त्यात हर्क्युलीस नावाच्या दुपंखी विमानाची हकिकत होती. मी गंमत म्हणून ती तुला वाचून मराठीत सांगायला लागलो. अम्मान ते बगदाद नुसता ओसाड प्रदेश, झाड नाही, नदी नाही, वैमानिक हमखास चुकायचे. म्हणून जमिनीवर मोटारींच्या चाकोऱ्या पाडल्या, आणि जिथं चाकोरी दिसेना तिथं नांगराचं तास काढलं. आधी लष्कराचं टपाल त्या वाटेनं जायचं, मग हे माणसांचं विमान तिकडून उडायला लागलं. मी वाचत होतो आणि तू उठून उभा राहिलास. कप हातातच होता. म्हणालास, "फिरून वाच." मी पुन्हा वाचलं. मग तू मला ती ओळ बोट ठेवून दाखवायला लावलीस. इंग्रजी तुला येत नव्हतं, तरी त्या ओळीकडं तू बराच वेळ बघत राहिलास.

त्या दिवसापासून ते विमान तुझ्या घरचं झालं. नाकावर एक आणि दोन बाजूंच्या पंखांमधे एकेक अशी तीन इंजिनं, म्हणून तू त्याचं नाव तिफण ठेवलंस. तीन दांड्यांची पेरणीची तिफण आपण जन्मभर हाकली, हर्क्युलीस कुणाच्या जिभेवर बसणार? तीन इंजिनं कशाला, असं तू विचारलंस. वाळवंटात एक बंद पडलं तरी बाकीच्या दोघांनी ओढावं म्हणून, असं मी सांगितलं. तुला ते फार पटलं. पंख लाकडाचे आणि वरून कापड ताणून बसवलेलं. आत सात माणसं आणि टपालाच्या थैल्या. बसणाऱ्यांना काचेच्या खिडक्या, आणि चालवणारे दोघं पुढं उघड्यावर, वाऱ्यात, धुळीत. त्यावर तू म्हणालास, "बैलगाडीसारखंच की बे. मालक सावलीत, हाकणारा उन्हात."

किल्लीची गोष्ट तर तू पन्नास जणांना सांगितली असशील. वाळवंटात मधेमधे पेट्रोलचे साठे कुलूप लावून ठेवलेले असायचे. वैमानिक निघताना किल्ली विसरायचे आणि उतरल्यावर कुलपापुढं हात चोळत बसायचे. मग कुणीतरी डोकं लढवलं आणि साठ्याच्या कुलपाला विमानाच्या दाराचीच किल्ली चालेल असं करून टाकलं. तू हे ऐकल्याबरोबर विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीचं कुलूप बदलून घराच्या किल्लीचं बसवलंस. पुढच्याच आठवड्यात ती एकुलती किल्ली विहिरीत पडली, आणि घरही बंद, मोटारही बंद. वहिनी दोन तास ओसरीवर बसून होत्या. साहेबानं किल्ल्या दोन केल्या असतील, एवढंच तू म्हणालास.

आणि तो नमुना. ज्वारीच्या ताटांचा सांगाडा, त्यावर तुझं जुनं धोतर. विमानाचं कापड घट्ट बसावं म्हणून त्यावर कसलंसं रसायन चोपडायचे, असं पुस्तकात होतं. तू पिठाची खळ चोपडलीस. बसलं मात्र ढोलकीसारखं घट्ट. चार दिवस आपण दोघं त्याच्याभोवती फिरत होतो. पाचव्या दिवशी उंदरांनी वरचा सगळा पंख खाऊन टाकला. तू कमरेवर हात ठेवून बघितलंस आणि म्हणालास की बरं झालं, आता हे नव्या जमान्याचं एकपंखी झालं. अजून तुझ्या ओसरीच्या आढ्याला ते तसंच टांगलेलं आहे. काल वाऱ्यानं हलत होतं.

आता भांडणाचं सांगतो. पुस्तकात त्याच पानावर पुढं होतं की ते तास ट्रॅक्टरनं काढलं. मी तेही वाचून दाखवलं. मास्तर माणूस, अर्धं वाचून कसं सोडणार? तू म्हणालास, जिथं ट्रॅक्टर वाळूत रुतला तिथं खेचरं जुंपली असतील. मी म्हणालो, पुस्तकात तसं नाही. हे घरात बोलून थांबायला हवं होतं. पण मांजरसुंब्याच्या ढाब्यावर गावची दहा-बारा माणसं बसलेली असताना विषय निघाला आणि माझ्यातला मास्तर जागा झाला. मी खडू हातात असल्यासारखं सगळ्यांना समजावून सांगितलं. जनावरांच्या नांगराचं तास किती खोल जाणार, वीतभर. ते आभाळातून दिसणं शक्यच नाही. म्हणून ट्रॅक्टर. म्हणून खंडुआजाची गोष्ट ही गोष्टच. माणसं हसली. कुणीतरी म्हणालं, झालं, वाळू परत नांगरली. तू चहा संपवलास, माझाही कप उचलून ठेवलास, आणि माझ्या गाडीवर मागं येऊन बसलास.

चैत्र होता. ज्वारी निघालेली, रानं मोकळी, ऊसतोडीला गेलेली माणसं अजून परतायची होती, त्यामुळं गाव निम्मं रिकामं. मी दोन दिवस आष्टीला बहिणीकडं गेलेलो. परत आलो तर माझ्या रानातून, बरोबर मधून, एक ताजं तास गेलेलं. टेकडीच्या पायथ्यापासून तुझी दोन रानं, मग माझं रान, पार ओढ्यापर्यंत. आणि वाटेत आपला बांध आला तर तो फोडून.

आपल्याकडं माणूस शेजाऱ्याला विहिरीचं पाणी देईल, स्वतःचे बैल देईल, पण बांधाची वीतभर माती देणार नाही. बांध कोरला म्हणून सख्ख्या भावांची बोलणी बंद झालेली आपण दोघांनी पाहिलेली. तू कोरला नव्हतास, आरपार कापला होतास. मी थेट तुझ्या ओसरीवर गेलो आणि कावून फोडला माझा बांध, असं ओरडलो. रागात माझी पुस्तकी भाषा जाते, तू नेहमी हसायचास त्यावर. त्या दिवशी हसला नाहीस. म्हणालास, "आज्याचं तास सरळ व्हतं. बांध मधी आला, त्याला मी काय करू?" मी तलाठ्याला बोलावलं. तलाठ्यानं बांध बघितला, तास बघितलं, तू आणि वहिनीनं बैल धरून दोन दिवसांत काढलेलं ते तास ओढ्यापर्यंत चालत जाऊन बघितलं, आणि असा सरळ हात पाहिला नाही म्हणून निघून गेला. माझा राग दुप्पट झाला.

संध्याकाळी तू आलास. बांध घालून देतो, दगडमाती माझी, असं म्हणालास, पण उद्या उन्हं यायच्या वेळेला टेकडीवर चल. मी आलो. तू, वहिनी आणि मी. तुझ्या खिशात चार घड्यांचा कागद होता. वर पोचलो तेव्हा सूर्य नुकताच डोंगरावर आलेला, उन्हं तिरकी.

आणि तास दिसलं, दिगू.

लख्ख दिसलं. भोवतीचं रान फिकट आणि ताजी उलटलेली माती काळी. तिरक्या उन्हानं एका कडेला सावली पडलेली, त्यामुळं ते होतं त्याहून जाड दिसत होतं. पायथ्यापासून ओढ्यापर्यंत, कुठं वाकडं नाही. बांधाच्या जागी फट, आणि फटीतून पुढं तसंच सरळ. वीतभर खोल, जनावरांनी ओढलेलं. टेकडी काही आभाळ नव्हे, पण तिफणही फार उंच जायची नाही. तुझा आजा खोटं बोलला नसेल, हे मला त्या क्षणी कळलं.

तू विचारलंस, "दिसतंय का, मास्तर?"

मी म्हणालो, "मला तर काहीच दिसत नाही."

तू माझ्याकडं बघितलंस. चष्मा पूस म्हणालास. मी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला. म्हणालो, "नाही." वहिनी माझ्या तोंडाकडं बघत होत्या. तू खिशातला कागद काढला होतास तो परत घडी करून आत ठेवलास. "बरं. ऱ्हाऊ दे," म्हणालास, आणि पुढं होऊन उतरायला लागलास. वाटेत एक सैल दगड होता, तिथं थांबून मला हातही दिलास.

का खोटं बोललो? बांधाचा राग होता. ढाब्यावर जे बोललो ते माणसांसमोर मागं घ्यायची लाज होती. पण खरं कारण याहून लहान आहे. आयुष्यभर मी तुला वाचून दाखवलं होतं आणि तू ऐकलं होतंस. त्या दिवशी पहिल्यांदा तू मला काहीतरी वाचून दाखवत होतास, आणि ते मला सोसलं नाही.

दुसऱ्या दिवशी तू फावडं-टोपली घेऊन बांध घालायला आलास. मी म्हणालो, राहू दे ती फट, जायला-यायला बरी पडेल. तू लगेच फावडं टेकवलंस आणि विचारलंस, "चहा घेतो का मग?" तुला वाटलं असेल मास्तर मोठ्या मनाचा आहे. मोठं मन कसलं, खोट्याची भरपाई होती ती. पण त्या भरपाईतून आपल्याला बावीस वर्षं चहा मिळाला. भाजी आली-गेली, माझ्या गुडघ्याचं तेल आलं, वैशालीच्या लग्नाची बोलणी त्या फटीत उभं राहून झाली. बांध फुटून दोन घरं जवळ आल्याचं उदाहरण अख्ख्या तालुक्यात आपलंच असावं. कधी कधी वाटतं, खरं बोललो असतो तर तू बांध घालून दिला असतास आणि आपण दोन चांगले शेजारी राहिलो असतो, बास. म्हणून मला त्या खोट्याचं पुरतं वाईटही वाटून घेता येत नाही. हे बोलायला बरं नाही, पण आहे तसं सांगतो.

नंतर तू कधी विषय काढला नाहीस. तिफणीवर बोलायचास, तासावर नाही. वैशालीनं तुला औरंगाबादहून मुंबईला विमानानं नेलं, तेव्हा तू सगळा वेळ खिडकीला कपाळ लावून होतास म्हणे. परत आलास तो थोडा नाराजच. विमान लई उंच जातं, तास तर सोड, गावच दिसत न्हाई. आताच्या माणसाला पोचायचं असतंय, बघायचं नसतंय, असं तुझं मत पडलं. शेवटच्या वर्षी तिच्या फोनवर वरून काढलेला नकाशा उघडून तू ते वाळवंट बोटानं पुढं सरकवत बसायचास. तिफणींपैकी एकही आता शिल्लक नाही, मोडल्या, जळल्या, भंगारात गेल्या, हे मी तुला सांगितलं होतं. तू म्हणालास, लाकूड आन् कापड किती टिकंल. पर तास असंल की. मी चष्मा सावरून फोनमधे डोकं घालायचो. वाळू, वाळू आणि वाळू. "दिसतंय का?" असं तू विचारलं नाहीस. मी वाट बघत होतो तू विचारण्याची. विचारलं असतंस तर मी टेकडीवरचं सांगून टाकलं असतं, असं मी स्वतःला सांगत आलो. तू दुपारी जेवून बाजेवर पडलास आणि उठला नाहीस. माझं सांगायचं राहून गेलं.

काल दुपारी वही उघडली. पहिल्या पानावर तुझं गोल अक्षर: तिफणीचा इतिहास, लिहिणार दिगंबर वाळूनांगरे. खरं आडनाव टाकलंच नाहीस. ज्या नावावर तुझे वडील जेवण थांबवायचे, ते तू स्वतःच्या हातानं वर लिहिलंस. ते वाचून मला रडू आलं. तेराव्याला नाही आलं ते तिथं आलं.

शेवटच्या पानावर तो कागद चिकटवलेला होता, चार घड्यांचा. वर मथळा, पंचनामा. तुला कागद करायचा म्हणजे पंचनामाच सुचणार. गारपिटीपासून मेलेल्या म्हशीपर्यंत आपल्याकडं पंचांच्या सहीशिवाय काही खरं ठरत नाही. मजकूर असा: आज रोजी सूर्य उगवल्यावर टेकडीवरून पाहता जनावरांनी ओढलेल्या नांगराचं तास ओढ्यापर्यंत स्पष्ट दिसत आहे, हे खालील पंचांनी समक्ष पाहिलं. खाली तारीख. पंच क्रमांक एक, सुमन, अशी वहिनींची मोठ्या अक्षरातली सही. पंच क्रमांक दोन, आणि पुढं कोरी जागा.

त्याखाली पेन्सिलीनं बारीक लिहिलेलं मी दोनदा वाचलं. मग तू मला लावायचास तसं बोट ठेवून तिसऱ्यांदा वाचलं. "मास्तरला दिसलं हाय. चष्मा पुसून घातल्यावर तिकडं बघितलंच न्हाई. बांधाचा राग हाय, निवल. घाई न्हाई. ही जागा त्याची."

म्हणजे तुला ठाऊक होतं. बावीस वर्षं तू रोज किटली घेऊन त्या फटीतून येत होतास, आणि तुला ठाऊक होतं. मला वाटायचं मी तुला फट दिली. चहा तू पाजत होतास, दिगू, आणि वाटही तूच बघत होतास. आणि मला एकदाही ते जाणवू दिलं नाहीस, याचा मला रागही आलाय, हे वहीत लिहायला जागा नाही म्हणून इथं लिहितो.

ट्रॅक्टरबद्दल मी अजून माघार घेतलेली नाही. पुस्तकात ट्रॅक्टरच आहे. पण तो रुतला असेल, यावर माझी काही हरकत नाही. वैशालीला फोन करून हेही खाली छापायला सांगितलं. ती म्हणाली, "काका, भांडण चालूच ठेवा तुम्ही." तिच्या आवाजात तू होतास.

आज सकाळी गुडघे सांभाळत टेकडीवर गेलो. एकटाच. खाली वैशालीनं कसायला दिलेलं तुझं रान, माझं रान. तास केव्हाच मिटलं, बावीस पिकं गेली त्याच्यावरून. बांधातली फट तेवढी होती, आणि तिच्यातून वहिनी किटली घेऊन माझ्या घराकडं निघालेल्या दिसल्या. वही मांडीवर घेतली आणि पंच क्रमांक दोनपुढं सही केली, पूर्ण नावानिशी. तारीख टाकताना पेन थांबला. शाळेच्या हजेरीपटावर मी कधी मागची तारीख घातली नाही, तुला माहीत आहे. तरी त्याच दिवसाची घातली. दिसलं त्या दिवशीच होतं.